उसने बळ

उसनवारीचा एक अलिखित नियम आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. शेजारून वाटीभर साखर आणली, तर परत करताना वाटी शिगोशीग भरून द्यायची. साखरेचे ठीक आहे. पण बळ उसने आणले तर ते परत कसे करायचे, आणि कुणाला?

हा प्रश्न माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरापुढे यावा, याला कारण दरेकसा. गोंदिया जिल्ह्याच्या टोकाला, मुंबई-हावडा लोहमार्गावर, डोंगराच्या कुशीत हे चिमुकले स्टेशन आहे. माघी पौर्णिमेला येथून जवळच्या कचारगडच्या गुहांकडे गोंड बांधवांची रीघ लागते. गेल्या माघात आमच्या महाविद्यालयाची मुले घेऊन मीही त्या गर्दीत होतो. एका वृद्ध यात्रेकरूने आम्हांला तिथली कथा सांगितली. गुहेत कोंडलेल्या मुलांना हिरासुका पाटालीर याच्या वाद्याच्या नादाने बळ आले. त्यांनी तोंडावरची प्रचंड शिळा ढकलली, ती सुटली. पण हिरासुका त्याच शिळेखाली सापडला.

कथा संपली आणि माझ्या शेजारचा एक विद्यार्थी हळूच म्हणाला, "सर, एकच कोर्स केला आन् भरती झाल्यावर सोडून देलं, तं का होते?"

कोर्स म्हणजे स्टेरॉइडच्या सुया. पोराला पोलीस भरतीत गोळा फेकायचा होता, आणि जिममधल्या कुणी तरी त्याला हा जवळचा रस्ता दाखविला होता. मी म्हटले, "अरे, थोडा धीर धर. नीट वाचून सांगतो." पुढचे काही आठवडे मी संतकाव्य बाजूला ठेवून स्नायूंचा अभ्यास केला.

पहिली गोष्ट ही कळली, की सुई काम करते. ती करत नाही असे मुलांना सांगण्यात अर्थ नाही. १९९६ साली अमेरिकेत डॉ. शलेंदर भसीन यांनी ४३ पुरुषांवर दहा आठवडे प्रयोग केला. नुसता व्यायाम करणाऱ्यांच्या अंगी चरबी सोडून सुमारे १.९ किलो वजन चढले. व्यायाम न करता टेस्टोस्टेरॉनच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांच्या अंगी ३.२ किलो! घाम गाळणाऱ्याने हे वाचून कपाळावर हात मारावा.

दुसरी गोष्ट त्याहून विलक्षण. आपल्या बहुतेक पेशींत एकच केंद्रक असते. स्नायूच्या लांबलचक तंतूत मात्र ती शेकड्यांनी असतात. तंतू जाडावतो तेव्हा शेजारच्या पेशी त्याला नवी केंद्रके पुरवितात. औषध थांबले की तंतू बारीक होतो, पण ती पाहुणी केंद्रके मुक्काम सोडीत नाहीत. ऑस्लोच्या संशोधकांनी २०१३ साली उंदरांत हे दाखविले. औषध बंद होऊन तीन महिने लोटल्यावर त्या उंदरांना श्रमाला लावले, तर सहाच दिवसांत त्यांचे तंतू सुमारे तीस टक्के फुगले. स्वीडनमध्ये, औषध सोडून काही वर्षे झालेल्या वजन उचलणाऱ्यांच्या मानखांद्याच्या स्नायूंतही केंद्रकांची संख्या चढीच आढळली. माणसांवरचा असा पुरावा अजून थोडा आहे. पण जो आहे तो एकाच दिशेला बोट दाखवितो.

तीन वेळा 'महाराष्ट्र केसरी' झालेल्या नरसिंग यादववर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या वेळी मेथँडिएनोन सापडल्यावरून चार वर्षांची बंदी आली. कुणी तरी ते आपल्या खाण्यापिण्यात मिसळले, असे त्याचे म्हणणे. लवादाने ते मानले नाही. त्या खटल्यात मी शिरत नाही. पण नियमाची चार वर्षे आणि स्नायूची स्मृती यांचे पंचांग एकच असेल कशावरून?

"मग तर फायदाच की, सर!" असे पोरगे म्हणणार, हे मला ठाऊक होते. म्हणून तिसरी गोष्ट. हृदय हाही स्नायूच. अमेरिकेत २०१७ साली १४० वजन उचलणाऱ्यांची तपासणी झाली. ८६ जण औषधवाले. त्यांच्या हृदयाचा रक्त फेकण्याचा जोर कमी भरला. सोडलेल्यांत तो बराचसा सावरला होता, पण पुरता नाही. हृदयाच्या रोहिण्यांतला थर तर जितकी वर्षे औषध, तितका अधिक. दंडाचे स्नायू झपाट्याने वाढतात, त्यांना हाडाशी बांधणारे कंडरे मागे पडतात आणि तुटतात. शिवाय बाहेरून आयते जेवण येऊ लागले की घरची चूल विझते, तसे शरीर स्वतःचे टेस्टोस्टेरॉन करणे थांबविते. ती चूल पुन्हा पेटायला महिने लागतात, कधी वर्षेही. या काळात माणूस खिन्न होतो. संसाराची स्वप्ने पाहणाऱ्याला अपत्यप्राप्तीची अडचण येते.

हे सारे मी त्याला कॉलेजच्या व्हरांड्यात सांगितले. सुई आधीच घेतली असेल तर लाज सोडून डॉक्टरांकडे जा, असेही सांगितले. त्याने मान खाली घातली. मी अधिक खोदून विचारले नाही.

मात्र एक गोष्ट मी त्याला मुद्दाम शेवटी सांगितली. केंद्रके काही सुईचीच मिंधी नाहीत. जोर-बैठकांनीही ती वाढतात, आणि एकदा कमावलेले अंग सुटले तरी दुसऱ्या खेपेला लवकर भरून येते. पहाटेच्या अंधारात धावलेले मैल शरीर विसरत नाही. ते त्याच्या खात्यावर जमा असतात, आणि ते फेडण्यासाठी हृदयाचे दार कुणी ठोठावीत नाही.