किती घट्ट?

आपल्या मराठीत घट्ट करण्याला शब्दांची काही वानवा नाही. आपण दोरी आवळतो, कंबर कसतो, गाठ करकचून मारतो, तबला चढवतो, धुणं पिळतो. पण 'किती' असं विचारलं तर आपलं उत्तर एकच, "चांगलं घट्ट कर." तेहेतीस वर्षं शाळेत मराठी शिकवूनही ही उणीव माझ्या लक्षात आली नव्हती. ती आली विस्कॉन्सिनमधल्या एका गॅरेजमध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी.

आमचा धाकटा तिकडे असतो. नोकरी संगणकाची, पण पाच-सहा वर्षं रात्री आणि शनिवार-रविवारी हा गडी घरच्या घरी विमान बांधत होता. खेळण्यातलं नव्हे हो, दोन माणसं बसतील असं, ॲल्युमिनियमचं, खरंखुरं विमान. अमेरिकेत तसं करता येतं. अट अशी की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं शिकण्यासाठी किंवा मौजेसाठी स्वतः केलेलं हवं. मग तपासणी होते, आणि विमानावर 'एक्सपेरिमेंटल' असं ठळक अक्षरांत लिहावं लागतं. या हौशी मंडळींची ईएए नावाची संघटना पॉल पोबरेझ्नी यांनी १९५३ साली याच विस्कॉन्सिन राज्यात सुरू केली. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि २०१७ साली त्याची नोंदणी झाली, ती बातमी तुम्हीही वाचली असेल. मी ती वाचून घरात सगळ्यांना मोठ्या कौतुकानं वाचून दाखवली होती. दुसऱ्याच्या मुलाचं कौतुक करणं सोपं असतं.

आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी तिकडे गेलो तेव्हा सांगाडा उभा राहिला होता. सूनबाईनं दुसऱ्याच दिवशी चहा देता देता हळूच सांगितलं, "बाबा, माझं ऐकत नाहीत. तुमचं कदाचित ऐकतील." आमच्या हिचं तर मुंबई सोडल्यापासून तेच चाललं होतं. तेव्हा समजावण्याची कामगिरी माझ्याकडे आली. रात्री जेवणं झाल्यावर मी गॅरेजमध्ये गेलो. चिरंजीव म्हणाले, "बरं झालं आलात. हे पुस्तक धरा. मी बोल्टचं नाव सांगेन, तुम्ही आकडा वाचा. मी एखादा आकडा बोललो तर नुसतं हो म्हणू नका, तक्त्यात बघून सांगा."

आता हे वाक्य शिक्षकाला म्हटलं की संपलंच.

पुस्तक म्हणजे अमेरिकन विमान वाहतूक खात्याची दुरुस्तीची मार्गदर्शिका. तिच्यात कोणत्या बोल्टचा नट किती जोरानं आवळायचा याचा तक्ता आहे. या जोराला टॉर्क म्हणतात, पीळ म्हणा हवं तर. विमानाच्या बोल्टांना एएन ३, एएन ४ अशी नावं असतात. एएन म्हणजे आर्मी-नेव्ही, आणि पुढचा आकडा म्हणजे जाडी इंचाच्या किती सोळांशांत ते. एएन ३ म्हणजे तीन सोळांश इंच, जवळजवळ आपल्या पेन्सिलीच्या शिशाची दुप्पट-तिप्पट जाडी. त्याला तक्ता सांगतो २० ते २५ इंच-पौंड. एएन ४ ला ५० ते ७०. एएन ६ ला १६० ते १९०. आणि गंमत बघा, बोल्ट तोच पण नट पातळ असेल तर एएन ३ ला १२ ते १५च. म्हणजे आकडा एकट्या बोल्टचा नाही, जोडीचा आहे.

पंचवीस इंच-पौंड म्हणजे किती? मी हिशेब केला. फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकाला किलोपेक्षा जरा कमीच साखरेची पिशवी टांगली तर जेवढा जोर पडेल तेवढा. बस्स. आमच्या गावी इंजिनं दुरुस्त करणारा एकजण होता. तो नट आवळून झाला की शेवटी पान्यावर एक लाथ मारायचा आणि मगच समाधानानं बिडी पेटवायचा. त्याचं इंजिन जमिनीवर होतं, त्यामुळे त्याचं भागलं. इथे फूट-पौंडाचा पाना घेऊन इंच-पौंडाचा आकडा लावला तरी जोर बारापट होतो आणि बोल्टचा तुकडा हातात येतो.

सैल राहिला तर काय, हे मी विचारलं. मला वाटत होतं की सैल नट फिरत फिरत गळून पडतो. तोही धोका आहेच, पण मुख्य गोष्ट वेगळी आहे. बोल्ट हा खरं तर फार कडक स्प्रिंग आहे. नट आवळला की तो कणभर ताणला जातो आणि त्या ताणानं दोन तुकडे एकमेकांवर दाबून धरतो. पुरेसा ताण असेल तर हादऱ्यांचा बहुतेक भार ते दाबलेले तुकडेच पेलतात, बोल्टला त्याची फारशी झळ लागत नाही. ताण कमी असेल तर प्रत्येक हादरा बोल्टला सोसावा लागतो, आणि तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडावी तसा तो थकून तुटतो. अति आवळला तर तो कायमचा लांबतो, मग त्याच्यातली स्प्रिंगच मरते.

पण खरी मेख पुढे आहे. आपल्याला हवा असतो बोल्टचा ताण. पाना मोजतो आपला जोर. ढोबळ मानानं त्या जोरातला निम्मा नटाखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि उरलेले दहा टक्के बोल्टला ताणतात. हे ऐकून मी पुस्तक मिटून स्वस्थ बसलो. आयुष्यभर मुलांना गुण दिले. पालक सभेत तेच आकडे ठामपणे वाचून दाखवले. त्यात मुलाची समज किती आणि घरची ओढाताण, शाळेपर्यंतची पायपीट, घासलेट संपलेलं असणं किती, हे पान्याला कुठे कळतं? असो. विषय विमानाचा आहे.

तर घर्षण सांभाळणं हाच या कामातला अभ्यास. तक्त्यातले आकडे कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतात. आपल्याला शिलाई मशीनपासून बिजागरीपर्यंत सगळ्याला तेलाचा थेंब सोडायची सवय. इथे तेल लागलं की घर्षण कमी होतं आणि त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. उलट काही नटांत नायलॉनचं कडं असतं, तो आपोआप फिरू नये म्हणून. असा नट टेकण्यापूर्वीच फिरवायला जोर लागतो. तो जोर आधी पान्यावर वाचायचा आणि तक्त्यातल्या आकड्यात मिळवायचा. फिरवायला ५ लागले तर २५ च्या जागी ३०. आणि तोच नट नुसत्या बोटांनी फिरू लागला की सरळ टाकून द्यायचा.

अडचणीच्या जागी पान्याला पुढे जोड लावावा लागतो, तेव्हा लांबी वाढते आणि आकडा खोटा बोलतो. दहा इंचांच्या पान्याला दोन इंचांचा सरळ जोड, हवेत ६०, तर पाना लावायचा ५० वर. हे त्रैराशिक मी पाकिटाच्या मागे मांडून दिलं. चिरंजीव म्हणाले, "जोड काटकोनात लावला तर गणित करावंच लागत नाही." खरंच लागत नाही. करून बघा.

मग मी एक वही घातली. तारीख, जागा, बोल्ट, तक्ता, नटाची ओढ, एकूण, सही. आवळून झालेल्या नटावर नारिंगी रंगाची एक रेघ ओढतात, नटावरून खाली पत्र्यापर्यंत. नट हलला तर रेघ तुटते, दुरून दिसतं. ती ओढायचं काम माझ्याकडे आलं. तांबड्या शाईनंतर मला हाच रंग आवडला.

एका रात्रीचं सांगतो. शेपटीकडच्या एका दांड्याचा बोल्ट होता. तो सांधा सतत फिरता, म्हणून तिथे नायलॉनचा नट चालत नाही. किल्ल्याच्या तटासारख्या खाचा असलेला नट लावतात आणि खाचेतून, बोल्टच्या भोकातून, आरपार पिन घालतात. तक्त्यातला वरचा आकडा गाठला तरी खाच आणि भोक जुळेना. फरक केसाएवढा. घड्याळात साडेअकरा, बाहेर बर्फ, सकाळी ऑफिस. नट किंचित मागे घेतला असता तर पिन बसली असती. किंचित पुढे रेटला असता तरी बसली असती. कोणाला कळणार होतं? मी गप्प बसलो, परीक्षेच्या हॉलमध्ये बसायचो तसा. त्यानं काही न बोलता सगळं खोललं, पातळ वायसर घातला आणि शून्यापासून सुरुवात केली. अर्धा तास गेला. मी आकडा वाचला, रेघ ओढली. सूनबाईचा निरोप मी त्या रात्री सांगितला नाही, नंतरही नाही. तिला आणि हिला एवढंच म्हणालो की मी रोज गॅरेजमध्ये बसतो आहे.

विमान गेल्या वर्षी उडालं. आम्ही तेव्हा इकडे होतो. फोन येईपर्यंत ही देवासमोरून उठली नाही. पहिले चाळीस तास चाचणीचे असतात, त्यात प्रवासी घ्यायचा नसतो, ते आता भरत आले आहेत.

त्यानं पुढचा पंखा लाकडी घेतला आहे. त्याचे सहा बोल्ट एकदा आवळले की झालं असं होत नाही. कोकणात पावसाळ्यात दारं फुगतात आणि उन्हाळ्यात फटी पडतात, तसंच हे लाकूड दमट हवेत फुगतं, थंडीच्या कोरड्या हवेत आक्रसतं. फुगलं की जास्त आवळलं जाऊन लाकूड चेपायची भीती, आक्रसलं की बोल्ट ढिले. ढिल्या बोल्टांवर पंखा घासत राहिला तर मधलं लाकूड चक्क काळं पडतं, जळाल्यासारखं. म्हणून ऋतू पालटला की पुन्हा मोजणी. तो तिकडून फोन लावून ठेवतो, एकेका बोल्टला आकडा सांगतो, मी इकडे वहीत उतरवतो. मागच्या खेपेला चौथा बोल्ट बाकीच्यांपेक्षा कमी भरला. मी म्हटलं, पुन्हा बघ. पुन्हा तेवढाच आला, मग सहाही नव्यानं लावले.

पुढच्या जूनमध्ये आम्ही जाणार आहोत. शेजारच्या खुर्चीत मी बसावं असं त्याचं म्हणणं आहे. हिनं अजून हो म्हटलेलं नाही. काल मात्र विचारत होती, त्या वहीत सगळ्या ओळींवर सही आहे ना म्हणून.