माळवदाची थंडीतली निगा

दिवाळीचा फराळ संपतो, सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते, आणि गेल्या पावसात छत कुठे गळलं होतं याचा घरात सगळ्यांनाच विसर पडतो. मैत्रिणींनो, माळवदाकडे बघायचे दिवस नेमके हेच!

आमच्या बिलोलीकडे, सगळ्या नांदेड-लातूर भागातच, जुन्या घरांवर अजून माळवदं आहेत. खाली सागवानी खांब, त्यांवर तुळया, वर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. वर वाळवण घालावं, उन्हाळ्यात अंथरुणं टाकावीत. पण हा सारा भार लाकूड पेलत असतं.

आधी खालून पाहणी करा. गळतीचे डाग अजून दिसत असतात, तिथे दाभण टोचून बघा. सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय असं समजा. तळखड्यापासून खांबावर मातीच्या बारीक नळ्या चढल्या असतील तर ती वाळवी. नुसतं पीठ पडत असेल तर भुंगा. सागाचा आतला गाभा किडीला सहसा दाद देत नाही, बाहेरचं पांढरट लाकूड ती आधी खाते. खांबाला लागून सरपण, गोवऱ्या रचू नका.

थंडीच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, फटी दिसू लागतात. त्यांत घाईने पाचरी ठोकू नका. पावसाळ्यात लाकूड फुगलं की फळ्या उचलल्या जातात. लाकूड पुसून, ऊन चढल्यावर बेलतेलाचा, म्हणजे जवसाच्या पक्क्या तेलाचा, पातळ हात द्या. जाड थर चिकटच राहतो. आणि तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका हं! हे तेल वाळताना तापतं, काडी न लावताही बोळा पेट घेऊ शकतो. फडकी पाण्यात भिजवून, उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

आता सर्वांत महत्त्वाचं. गळतं म्हणून आपण दरवर्षी वर नवी माती टाकतो, जुनी मात्र काढत नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर एक इंच माती म्हणजे साधारण पावणेचार क्विंटल ओझं! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माती यांच्याखाली हजारो माणसं गेली. काही घरांत मात्र भिंती ढासळल्या, तरी लाकडी सांगाडा तसाच उभा होता.

म्हणून नवी माती टाकायच्या आधी जुना थर उतरवायला सांगा. काढलेली माती वर एका जागी ढीग करून ठेवू नका, लगेच खाली टाका. तुळई वाकलेली दिसली, तर वर कुणालाही चढू न देता आधी सुतार बोलवा. पुरुषमंडळी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतील. त्या माळवदाखाली मुलं झोपतात, एवढं त्यांना सांगा.