मागचा दिवा

मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरचं चित्र पडद्यावर पाडणारं जुनं यंत्र, पहिल्यांदा जवळून पाहणाऱ्याचा जरा हिरमोडच होतो. काळ्या पत्र्याची पेटी, वर धुराडं, पुढे पितळी नळीत बसवलेलं भिंग. आत दिवा, दिव्यापुढे फुगीर भिंगांची जोडी. रंगवलेली काच मात्र उलटी सरकवायची, डोकं खाली, पाय वर. रामाला असं शीर्षासन घातल्याशिवाय तो पडद्यावर सरळ उभा राहत नाही.

या पेट्या अमेरिकेत पुष्कळ झाल्या. फिलाडेल्फियाच्या लँगनहाइम बंधूंनी 1850 साली काचेवर फोटो उतरवण्याचं पेटंट घेतलं. पण मला जास्त कौतुक त्याच शहरातल्या मार्सी नावाच्या लँटर्नवाल्याचं. त्याआधी मोठ्या पडद्यावर लख्ख चित्र हवं तर ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत चुना तापवून पांढरा उजेड काढावा लागे. वायूच्या पिशव्या घेऊन माण-खटावच्या वाटेला कोण लागणार? मार्सीने 1870च्या आसपास दोन चपट्या वाती शेजारी शेजारी लावून घासलेटवर काम भागवलं. घासलेट पुढे वाण्याकडे मिळू लागलं, आणि खेळ बैलगाडीत बसला. साताऱ्यात आणि सांगली-मिरजेत अमेरिकन मिशनऱ्यांचा वावर होताच. चित्रांची पेटी हे मिशनऱ्यांचं आवडतं साधन: प्रवचनाला चार माणसं जमतील तिथे चित्रांना अख्खं गाव जमतं.

मराठी माणसाने ही युक्ती उचलली ती कल्याणात, 1892 साली. पटवर्धन म्हटलं की सांगलीकराचे कान टवकारतात, त्यांच्या संस्थानिकांचं आडनाव तेच. पण हे कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन. त्यांनी मुलांना हाताशी धरून 'शांबरिक खरोलिका' नावाने खेळ सुरू केले. काचा हाताने रंगवलेल्या, विषय रामायण-महाभारताचे. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या पवित्र्यांच्या काचा, आणि एकाहून अधिक लँटर्न. एकावरचं चित्र विझतं न विझतं तोच दुसऱ्यावरचं उजळलं, की पात्र हललंच! शेजारी निवेदन, गाणं, संवाद चालूच.

हे शेवटचं मला सगळ्यात आपलं वाटतं. सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' नाटक रंगवलं, तेव्हाही सगळी पदं सूत्रधार गायचा. पात्रं त्याच्या गाण्यावर वावरायची आणि भाषणं ऐनवेळी करायची. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या. म्हणजे बाहुली असो वा काच, बोलायला माणूस लागतोच. अमेरिकन कारखानदाराने पेटीबरोबर छापील माहितीपुस्तक दिलं असेल, पण कैकेयीचा रुसवा त्यात कुठून येणार?

त्याच घासलेटवर जळणारा दुसरा अमेरिकन दिवा मात्र आमच्याकडे रुजला. न्यूयॉर्कच्या डिट्झ कंपनीचे कंदील जगभर गेले. त्यांच्या बाजूच्या दोन नळ्या शोभेच्या नव्हेत. त्यांतून बर्नरला हवा मिळते आणि वाऱ्यातही ज्योत विझत नाही. सातारा जिल्ह्यात कराडजवळ 1916 साली ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला आणि त्यांचा 'प्रभाकर' कंदील घराघरात टांगला गेला. वडिलांचं नाव दिव्याला, आणि ते नावही सूर्याचं! कारखान्याच्या गावाला लोक ओगलेवाडीच म्हणू लागले.

आता दोन्ही दिवे जुन्या बाजारात शेजारी दिसतात. कंदील हॉटेलवाले शोभेला नेतात. लँटर्न संग्राहक नेतो, पितळ घासतो आणि काचेच्या कपाटात ठेवतो. मला हे काही पटत नाही. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात एकदा खेळ लावावा. दिवा एलईडीचा चालेल, पेटी कुठल्याही कंपनीची चालेल. गाणारा मात्र समोर बसलेला हवा, आणि त्याला खोकला आला तर हनुमानाने समुद्रावर अधांतरी थांबून राहायची तयारी ठेवावी.