फाटकाची निगा

आमच्या प्रतापनगरांत हल्लीं बहुतेक घरांच्या फाटकांना, खिडक्यांच्या ग्रिलना व कपाटांना पावडर कोटिंग केलेलें असतें. एकदां तें केलें कीं पुढें कांहीं पाहावें लागत नाहीं, असा सर्वत्र समज आहे. तो कितपत खरा आहे, हें मला शेजारीं घडलेल्या एका गोष्टीवरून कळलें.

तेथें काम करणाऱ्या मावशींनीं दिवाळीपूर्वीं फाटक पुसलें, तेव्हां फडक्यावर हिरवट पीठ उतरलें. मावशींनीं घासून रंग घालविला, असा ठपका त्यांच्यावर आला व पगार कापण्याची भाषा निघाली. मावशी गप्प उभ्या राहिल्या. परंतु त्यांच्या हातांत मऊ सुती फडकें व बादलींत साधें पाणी होतें, हें मीं पाहिलें होतें.

मीं आमच्या विज्ञानशिक्षकांस विचारलें. त्यांनीं सांगितलें तें असें: या रंगांत पातळ द्रव मुळींच नसतो. राळ व रंगद्रव्य यांची कोरडी भुकटी विद्युद्भारित करून धातूवर उडवितात. ती चिकटून बसते. मग सुमारें २०० अंश सेंटिग्रेडच्या भट्टींत वितळून तिचा अखंड थर होतो. सूर्याच्या अतिनील किरणांनीं वर्षानुवर्षें वरची राळ झिजते व सुटें रंगद्रव्य पिठासारखें उरतें. एपॉक्सीची भुकटी उन्हांत लवकर अशी होते, म्हणून ती घरांतील वस्तूंस बरी. बाहेर पॉलिएस्टर टिकतें.

मग मीं फाटक नीट न्याहाळलें. पश्चिमेकडील, उन्हाकडची बाजू फिकी पडली होती. आंतली, कडुनिंबाच्या सावलींतली बाजू मात्र तजेलदार होती. मावशी तर दोन्ही बाजू एकाच फडक्यानें पुसत! काकांना हें दाखविलें. त्यांनीं दोन्ही बाजूंवरून बोट फिरविलें, आणि पगाराचा विषय पुन्हां निघाला नाहीं.

निगा राखणें मात्र अवघड नाहीं. प्रथम पाण्यानें धूळ वाहवून द्यावी, नाहींतर तिच्या कणांनींच ओरखडे उठतात. नंतर सौम्य साबणाचें पाणी व मऊ फडकें घेऊन हलक्या हातानें पुसावें, स्वच्छ पाण्यानें धुवावें व कोरडें करावें. हें काम सकाळीं करावें. नागपूरच्या उन्हांत तापलेल्या लोखंडावर साबण वाळून डाग पडतात. ॲसिड, थिनर व तारेची घासणी यांना जवळ करूं नये. ओरखडा दिसतांच तेथें रंग लावावा, कारण पावसाचें पाणी आंत शिरलें कीं गंज थराखालून पसरतो. वर्षांतून एकदां तरी हें करावें. समुद्रकांठीं खाऱ्या हवेमुळें दर तीन महिन्यांनीं.

वस्तूची निगा हा गृहस्थाचा धर्मच आहे. परंतु वस्तु बिघडली म्हणजे आधीं कारण शोधावें, मग माणसास बोल लावावा. रंग पुन्हां देतां येतो. कष्टकऱ्याच्या मनावर उठलेला ओरखडा तितक्या सहज बुजत नाहीं.