डांबर संपते तिथून पुढे

चारचाकी घेतल्याला आता काही महिने झाले, तरी भेटेल तो विचारतो, "साहेब, कोणती घेतली? कितीला पडली? आणि हीच का?" प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा इथेच लिहितो. आमच्यासारखी पगारदार माणसे अशी खरेदी आयुष्यात एकदाच करतात. तेव्हा दुसऱ्याचा अनुभव आधी कानावर असलेला बरा.

२०२५ च्या ऑक्टोबरात आम्ही टाटांची पंच घेतली. ऑक्टोबर २०२१ मध्ये बाजारात आलेली ही लहान मोटार २०२४ साली देशात सर्वांत जास्त खपली. हिच्या जातीला क्रॉसओव्हर म्हणतात. म्हणजे धड जीप नाही आणि धड साधी मोटारही नाही. जीपसारखी खाली वेगळी लोखंडी चौकट नसते, सांगाडा मोटारीसारखाच एकसंध असतो. जोर फक्त पुढच्या चाकांना. पण बैठक उंच, चाके मोठी आणि पोट जमिनीपासून वर. पोटाखालच्या या मोकळ्या जागेला ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात. पंचला तो १८७ मिलिमीटर आहे, म्हणजे शाळेच्या फूटपट्टीवर पावणेएकोणीस सेंटिमीटर. आम्ही गाडी घेतली ती मुख्यतः या आकड्यासाठी. त्याचे कारण पुढे येईलच.

आधी हिशेब, कारण आम्ही कॉमर्सचे. या गाडीची लांबी ३,८२७ मिलिमीटर आणि इंजिन ११९९ सीसी का, याचे उत्तर कारखान्यापेक्षा करखात्यात जास्त सापडते. चार मीटरच्या आत आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला कर कमी लागतो. पूर्वी तो उपकरासह २९ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. कराआधीची किंमत पाच लाख धरली तर पंचावन्न हजारांचा फरक पडतो. आमच्या घरात वर्षभर अडून बसलेला निर्णय याच पंचावन्न हजारांनी सुटला.

कर्जाचे गणितही मांडतो. ९ टक्के दराने एक लाख रुपये सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १,६०९ रुपये बसतो आणि व्याज जाते पस्तीस हजार. तेच पाच वर्षांत फेडले तर हप्ता २,०७६ होतो, पण व्याज साडेचोवीस हजारांवर थांबते. विक्रीदालनातला तरुण सात वर्षांचाच कागद पुढे सरकवत होता. पत्नीने पर्समधून पेन काढले, मागच्या बाजूला बेरीज केली आणि "पाच वर्षे लिहा" म्हणाली. विमाही तिथूनच घेतला पाहिजे असे काही नाही. नव्या मोटारीला तीन वर्षांचा त्रयस्थ पक्षाचा विमा २०१८ पासून सक्तीचा आहे, पण कोणत्या कंपनीचा घ्यायचा हे आपण ठरवायचे.

आता प्रवासाकडे वळू. पहिली मोठी खेप कल्याणहून गावी, पारनेर तालुक्यात. माळशेज घाटाने सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. हा रस्ता आम्हांला एसटीच्या खिडकीतून पाठ आहे. शहाड, रायत्याचा पूल, मुरबाड, सरळगाव, टोकावडे. पण स्टिअरिंगमागून तोच रस्ता अरुंद वाटतो. एसटीत आपण पेंगतो, इथे प्रत्येक गतिरोधक आपला असतो.

आई पुढच्या सीटवर. वय पंचाहत्तरच्या वर आणि दोन्ही गुडघे गेलेले. भाड्याच्या साध्या मोटारीत तिला खाली वाकून, मग जवळजवळ उकिडवे होऊन बसावे लागे. उतरताना दोघांनी ओढायचे. या गाडीचे दार काटकोनात पूर्ण उघडते आणि सीट तिच्या कमरेच्या उंचीला येते. आधी टेकायचे, मग पाय आत घ्यायचे. पट्टा लावला तेव्हा मात्र कुरकुरली, "आरं, मला काय दावणीला बांधतोस का?" मागे बसलेल्या नातीने स्वतःचा पट्टा ओढून दाखवला, "आजी, मलाही बांधलंय." मागच्यांनाही पट्टा कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे तो पोलीस दिसला की लागतो, ही गोष्ट वेगळी.

घाट सावर्ण्याच्या पुढे चढू लागतो. पावसाळा सरून महिना झाला होता. धबधब्यांच्या कड्यावर नुसत्या काळ्या रेघा उरल्या होत्या, गवत पिवळे पडू लागले होते. तीन सिलिंडरचे इंजिन सपाटीवर खुशीत चालते. पाच माणसे आणि सामान घेऊन चढताना त्याला आधीच खालचा गिअर द्यावा, धाप लागण्याची वाट पाहू नये. चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यायची असा नियम आहे. तो पाळणारे त्या दिवशी ट्रकवालेच भेटले, मोटारवाले नव्हेत. परतताना उतारावर ब्रेक दाबून न ठेवता दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनालाच गाडी धरू दिली. जुन्या एसटी चालकांनी दिलेला हा सल्ला आजही खरा आहे.

बोगदा ओलांडला की वर एकदम मोकळे होते. पिंपळगाव जोग्याचे पाणी डोळ्यांना गार करते. ओतूरच्या अलीकडे जुन्नरचा फाटा फुटतो. लेण्याद्रीची आणि मानमोडीची लेणी मुलीला दाखवायची होती, पण आईला दिवस मावळायच्या आत घर गाठायचे होते. आळेफाट्याला चहा, मग बेल्हे, आण्याचा घाट आणि टाकळी ढोकेश्वर. इथवर कोणतीही मोटार येईल.

खरी परीक्षा शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला होती. डांबर गावापर्यंत आहे. गावापासून आमच्या वस्तीपर्यंत नाही. ओढा उतरून, दगडांतून वर चढणारी ती वाट आहे. पावसाळ्यात ट्रॅक्टर जाऊन चाकोऱ्या खोल होतात आणि मधला उंचवटा तसाच राहतो. आजवर जितक्या भाड्याच्या गाड्या केल्या, तितक्या ओढ्याच्या अलीकडे थांबल्या. "चेंबर फुटेल," हे ठरलेले उत्तर. चालकाचे चुकत नव्हते, गाडी त्याचे पोट होते. पण दोन वर्षांपूर्वी थोरल्या वहिनींना रात्री कळा आल्या, तेव्हा याच उत्तरामुळे त्यांना बाजेवर घालून ओढ्यापलीकडे न्यावे लागले होते. पित्ताशयाचा खडा होता, जीव वाचला.

१८७ मिलिमीटर हा आकडा रिकाम्या गाडीचा असतो. माणसे बसली की ती दबते. म्हणून ओढ्याच्या काठावर आई सोडून सगळे उतरले. धाकटा भाऊ पुढे, पाठमोरा चालत, हाताने खुणा करत. चाके चाकोरीत न घालता एक उंचवट्यावर, एक कडेच्या गवतावर, अशी तिरकी गाडी काढली. पुढची चाके एकदा खडीवर फिरली, धूळ उडाली, मग पकड मिळाली. पोटाला एकदाही दगड लागला नाही. आई समोरच्या पट्टीला धरून बसली होती. वहिनी दारातून ओरडल्या, "आत्याबाई, गाडीत बसून दारात?" आई म्हणाली, "आधी पाणी आण."

दोन दिवसांत वस्तीतल्या पोरांनी हॉर्न वाजवून घेतला. भावाने कुदळ काढून मधला उंचवटा वीसेक फूट छाटला, बाकीचा पुढच्या रविवारी मंडळी मिळून छाटणार आहेत. ग्रामपंचायतीकडे रस्त्याचा अर्ज पूर्वीही दिला होता, आता नवा लिहून दिला आहे. त्यासोबत वहिनींच्या दवाखान्याच्या कागदाची प्रत जोडली.

परतीला ३६६ लिटरची डिकी कमी पडली. बाजरीचे पोते, कांदे, आणि आईने कोणाकोणासाठी बांधून दिलेल्या पिशव्या मागच्यांच्या पायांत आल्या. टाकी ३७ लिटरची आहे. निघताना काठोकाठ भरली होती, परत येऊन त्याच पंपावर पुन्हा भरली. साडेतेवीस लिटर लागले, काटा ३६२ किलोमीटर धावला होता. लिटरला पंधराच्या थोडे वर, घाट आणि भरलेली गाडी धरून. आई गावीच राहिली आहे. थंडी सरली की तिला आणायला जायचे आहे.