स्क्रीनवरचा ‘जय भीम’ तुटका का दिसतो?



१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. म्हणून दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दोन्ही जिल्ह्यांतला समाज लोटतो. ब्रह्मपुरी, मूल, आरमोरी, अगदी अहेरीकडूनही माणसं येतात. आता गावोगावच्या कार्यक्रमांत बॅनरच्या जोडीला एलईडी स्क्रीन आला आहे. काळ्या पडद्यावर निळी रेघ धावते आणि ‘जय भीम’ ही अक्षरं उमटतात. टाळ्या पडतात. पण ती अक्षरं जरा जवळून बघा. शिरोरेषेत प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर एक उभी चीर दिसते. ‘ज’ वेगळा, ‘य’ वेगळा. मी गेली काही वर्षं तालुक्यातल्या पोरांसोबत असे छोटे व्हिडिओ बनवतो आहे. सगळ्यात जास्त वेळ याच चिरांनी खाल्ला आहे.

कारण साधं आहे. ही सॉफ्टवेअर घडली ती रोमन लिपी समोर ठेवून. छापील रोमन अक्षरं सुटी उभी असतात, त्यामुळे प्रत्येकाभोवती वेगळी आउटलाइन फिरवली तरी काही बिघडत नाही. आपली अक्षरं एका रेषेखाली हात धरून उभी असतात. सॉफ्टवेअरला मात्र तो शब्द दिसत नाही, सुटे तुकडे दिसतात. ते प्रत्येक तुकड्याभोवती रेघ ओढतं आणि जिथे दोन अक्षरं भेटतात तिथे त्यांच्या कडा उघड्या पडतात. स्ट्रोकची जाडी वाढवली की चिरा आणखी ठळक होतात.

उपाय अवघड नाही. आफ्टर इफेक्ट्समध्ये काम करत असाल तर आधी टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ हे टेक्स्ट इंजिन निवडा, म्हणजे काना-मात्रा आणि जोडाक्षरं जागेवर बसतील. मजकुराचे शेप्स करा. सगळ्या अक्षरांचे आपापले स्ट्रोक काढून टाका. त्यांच्याखाली ‘मर्ज पाथ्स’ जोडून त्याचा मोड ‘अ‍ॅड’ ठेवा आणि त्याच्याखाली एकच स्ट्रोक द्या. आता रेघ अख्ख्या शब्दाभोवती फिरेल. एक लक्षात ठेवा, ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या डोक्यावरची मोकळी जागा ही चीर नाही, ते त्या अक्षराचं रूप आहे. ती बुजवू नका.

रेघ धावायला ‘ट्रिम पाथ्स’ लागतं. त्यातला ‘एंड’ शून्यापासून शंभरपर्यंत न्या. लाइन जॉइन ‘राउंड’ करा, नाहीतर टोकदार कोपऱ्यांवर काटे उगवतात. जाडी मोबाइलवर बघून ठरवू नका. पी-४ पॅनेलमध्ये दोन दिव्यांत ४ मिलिमीटर अंतर असतं, म्हणजे १२ फुटी स्क्रीनच्या रुंदीत जेमतेम ९१४ ठिपके बसतात. तुमचा १९२० पिक्सेलचा व्हिडिओ तिथे निम्म्यावर येतो आणि २ पिक्सेलची नाजूक रेघ लुकलुकते. तिथे ६ ते ८ पिक्सेल हवेत. आणि शब्द पूर्ण झाला की रेघ थांबवा. मागच्या रांगेतल्या आजीला वाचायला वेळ मिळाला पाहिजे.

काही जण म्हणतील, अत्याचाराच्या बातम्या रोज येतात आणि हे रेघा मोजत बसलेत. त्यांना मी चळवळीच्याच इतिहासाकडे बघायला सांगतो. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढलं, ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’. पुढे स्वतःचा छापखाना उभा केला. दुसऱ्याच्या छापखान्यावर अवलंबून राहिलं की आपलं म्हणणं कधी छापायचं आणि कसं छापायचं हे दुसरा ठरवतो, हा त्यातला धडा. आज गावातला छापखाना म्हणजे हा स्क्रीन आहे.

आणि त्यावर आपण काय दाखवतो? बहुतेक वेळा विकतचा किंवा फुकटचा तयार टेम्प्लेट. देवाचा फोटो काढायचा, बाबासाहेबांचा टाकायचा. मग डोक्यामागे सोनेरी ‘ग्लो’ फिरतो, किरणं फुटतात. ते तेजोवलय देवासाठी बनवलेलं आहे. ज्या भूमीवर आपल्या माणसांनी देव आणि अवतार नाकारणाऱ्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, तिथेच आपण प्रतिज्ञा देणाऱ्याला अवतार करून टाकतो. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत दिला होता. ग्लोचा आकडा शून्य करणं ही त्या इशाऱ्याची अगदी छोटी अंमलबजावणी आहे.

समाजशास्त्रात एम.ए. करताना एक गोष्ट पक्की कळली. ज्याला सगळे ‘साधारण’ म्हणतात ते कुणाच्या तरी सोयीने ठरलेलं असतं. ज्याची सोय होते त्याला ते दिसत नाही, ज्याची गैरसोय होते त्याला रोज टोचतं. जातीची व्यवस्था अशीच ‘साधारण’ म्हणून चालत आली. सॉफ्टवेअरच्या डिफॉल्टमागे कुणाचा द्वेष आहे असं मी म्हणत नाही. आपण तिथे गृहीतच धरलेले नाही, एवढंच. म्हणून सेटिंग उघडायचं, हे कुणासाठी बनलं ते विचारायचं आणि बदलायचं.

हाच प्रश्न आपल्या शेजाऱ्यालाही लागू आहे. गडचिरोलीत गोंडी आणि माडिया बोलली जाते. मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये घडवलेली गोंडी लिपी युनिकोडमध्ये यायला २०१७ उजाडलं. आपली लिपी निदान तुटकी तरी दिसत होती. त्यांची कितीतरी वर्षं दिसतच नव्हती. संयुक्त कार्यक्रमाच्या स्क्रीनवर ‘जय सेवा’ही तितक्याच काळजीने उमटलं पाहिजे.

पैशाची अडचण खरी आहे. पण इंकस्केप आणि ब्लेंडर ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि एकदा उतरवली की नेटशिवाय चालतात. भामरागड, एटापल्लीला पेनड्राइव्हमधून नेता येतात. इंकस्केपमध्ये मजकुराचा पाथ करा, ग्रुप सोडवा, ‘युनियन’ द्या. एसव्हीजी फाइल ब्लेंडरमध्ये आणा, फिल बंद करा, थोडा बेव्हल द्या आणि ‘एंड फॅक्टर’ ० ते १ हलवा. तीच रेघ, एक रुपया न घालवता.

तेव्हा येत्या १६ ऑक्टोबरच्या आधी प्रत्येक तालुक्यात दोन मुली आणि दोन मुलं हे शिकलेली असावीत. विहारातला एक जुना संगणक पुरतो. ‘जय भीम’, ‘नमो बुद्धाय’ आणि आपल्या गावाचं नाव, या तीन सांधलेल्या फाइल्स करून ठेवा आणि मागेल त्याला द्या. पुढच्या वर्षी ऑपरेटरच्या खुर्चीवर आपलं माणूस बसलेलं असू द्या.

जय भीम. जय संविधान.