पाय न दिसणारा पाळणा

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण म्हणतो. मार्गिलानच्या पाळण्यात ते दिसत नाहीत. छातीवरून एक रुंद पट्टा, पायांवरून दुसरा आणि वरच्या दांड्यावरून सोडलेली जाड पांघरुणं. आत मूल आहे हेही बाहेरून कळू नये. मार्गिलान उझबेकिस्तानच्या फरगाना खोऱ्यातलं गाव, आणि तिथे या पाळण्याला बेशिक म्हणतात. तो टांगलेला नसतो, तळच्या वाकड्या लाकडांवर जमिनीवरच डुलतो. गादीला भोक, त्याखाली भांडं आणि शू वाहून नेणारी छोटी लाकडी नळी, मुलासाठी वेगळ्या घडणीची, मुलीसाठी वेगळ्या. लाकूड घडवणाऱ्यानं बाळाच्या देहाचा इतका बारीक विचार केलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

मार्गिलानमधल्या बेशिकच्या दुकानातल्या आजीबाईंनी हात पुढे केले आणि लेक माझ्या कडेवरून त्यांच्याकडे गेली. त्यांनी तिला निजवलं, पट्टे बांधले. ती भोकाड पसरेल म्हणून मी वाट बघत राहिले. ती रडली नाही. वर बघत गप्प झाली. ते गप्प होणं माझ्या मनातून जात नाही. ते विसावणं होतं की हार मानणं?

म्हण करणाऱ्यानं पाय नेमके कधी पाहिले असतील? आपल्याकडेही पहिले काही महिने बाळ दुपट्यात आवळलेलंच असतं. न्हाऊ घालून, वावडिंग-ओव्याची धुरी देऊन झाली, की आजी त्याला असं गुंडाळते की फक्त तोंड उघडं राहतं. (धुरी तिथेही आहे, इसिरिक नावाची वाळलेली वनस्पती जाळून तिचा धूर घरभर फिरवतात.) म्हणजे आपल्या पाळण्यातही सुरुवातीला पाय कुठे दिसतात? दिसतात ते न्हाऊ घालणाऱ्या बाईला, पाटावर बसून तिनं बाळाला आपल्या लांब केलेल्या पायांवर घेतलं की. त्या बाईला कुणी भविष्य विचारत नाही. तिनं कितीतरी घरची पावलं तेलानं चोळलेली असतात, आणि त्यातलं कोणतं पाऊल कुठवर गेलं हे तिला बहुधा कळतही नाही.

मार्गिलानहून पूर्वेला, मोटारीनं फार लांब नाही, अंदिजान आहे. १४८३ मध्ये तिथे बाबर जन्मला. तोही अशाच पाळण्यात बांधला गेला असेल. वयाच्या बाराव्या वर्षी बाप गेला आणि फरगानाची गादी त्याच्याकडे आली. १५२६ मध्ये तो पानिपतावर उभा होता. ते पाय पाळण्यात कुणाला दिसले होते? आणि इकडे राज्य मिळाल्यावर तिकडच्या कलिंगड-खरबुजांच्या आठवणीनं व्याकूळ होणारा माणूस, तो तरी कुणाला दिसला असेल?

बांधणं हाच मार्गिलानचा धंदा आहे. अत्लास आणि अद्रास ही तिथली कापडं. अद्रासात उभा धागा रेशमी, आडवा सुती. विणण्याआधी उभे धागे ताणतात, त्यांवर खुणा करतात आणि रंग जिथे नको तिथे ते घट्ट बांधतात. रंगात बुडवायचं, सोडायचं, दुसऱ्या जागी बांधायचं, पुन्हा बुडवायचं. बांधलेल्या कडेखालून थोडा रंग झिरपतोच. नक्षीची कड विरघळल्यासारखी दिसते, आणि त्या कडेसाठीच लोक ते कापड घेतात. मार्गिलानच्या हस्तकला केंद्रानं ही विद्या टिकवली, म्हणून युनेस्कोनं २०१७ साली त्याची दखल घेतली. मी ते धागे बघत होते आणि मनात मुलीचे पाय होते. पण धाग्याला दुखत नाही. बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट बांधले तर खुब्याचा सांधा नीट बसत नाही, असं डॉक्टर सांगतात, आणि मला ते पटतं.

तरीही त्या आयांवर बोट ठेवायला मन धजत नाही. वसंतात त्या खोऱ्यात घरोघरी रेशमाचे किडे वाढवतात. त्यांना तुतीचा पाला दिवसा लागतो, रात्रीही लागतो. आईचे दोन्ही हात हवे असतात. मी ते सगळं गाव एका हातानं पाहिलं. रेशमाला हात लावायचा तर लेक दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागे. पट्टा बाळासाठी की आईच्या हातांसाठी, हे त्या घरांत कुणी वेगळं करून पाहत नसेल. मला ते वेगळं करावंसं वाटतं, कारण माझ्या दारात किडे पाला मागत नाहीत.

मागावरच्या एका विणकराला मी दुभाष्यामार्फत विचारलं, तुम्ही बेशिकमध्ये झोपलात का. तो म्हणाला, चालायला लागेपर्यंत. कसं वाटायचं? आठवत नाही, म्हणाला. आई सांगते, फार छान झोपायचो. आई सांगते. तिचे हात तेव्हा कामात होते, ती पांघरुणाबाहेर होती. आत काय होतं ते ज्याला ठाऊक होतं, तो ते विसरूनच मोठा झाला. माझी लेकही विसरेल. मग मी तिला सांगेन की ती गप्प झाली होती. पण कशी गप्प झाली होती, असं तिनं विचारलं तर?